आखेनची सायकल आणि पुण्याचा हिशोब

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, दिवाळीच्या महिनाभर आधी भाचीचा जर्मनीतून फोन आला. ती आखेनला मास्टर्स करते. घरी यायचं तिकीट काढून झालं होतं. "मावशी, तू म्हणत होतीस तशी सायकल इथे दुकानात लागलीय. सहाशे युरो. आणू का तुझ्यासाठी?"

मी तेव्हा नव्या सायकलच्या शोधातच होते. रोज कोथरूड ते डेक्कन ऑफिसला, रविवारी खडकवासला, पाय साथ देत असतील तर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत, एवढा माझा वापर. जुनी सायकल बारा वर्षांची झालेली. भाचीने पाहिलेल्या सायकलचीच कंपनी, तेच गिअर, अशी एक मी पुण्यात एका दुकानात बघून ठेवली होती. तिथे जीएसटी धरून ६४,००० रुपये सांगितले होते. युरो शंभरीच्या किंचित वर गेला होता. हिशोब सोपा राहावा म्हणून इथे मी तो शंभरच धरते. तिथे साठ हजार, इथे चौसष्ट. घरात सगळे एका सुरात म्हणाले, आणू दे की तिला.

मी अकाउंट्सचं काम करते. आकडे कागदावर उतरवल्याशिवाय मला हो म्हणता येत नाही. संध्याकाळी वही घेऊन बसले आणि चार हजारांचा तो फायदा पानाच्या खाली पोचेपर्यंत उलटा झाला. पुण्यात घरटी एखादं मूल परदेशात असतं आणि दर सुट्टीला हा प्रश्न निघतो, म्हणून तो कागद इथे उलगडून सांगते.

चिठ्ठीवरची किंमत

दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेला आकडा प्रत्येक देशात वेगळी गोष्ट सांगतो. जर्मनीत चिठ्ठीवरच्या किमतीत १९ टक्के मूल्यवर्धित कर आधीच धरलेला असतो. म्हणजे ६०० युरोंत सायकल ५०४ ची आणि कर ९६ चा. नेदरलँड्समध्ये हा कर २१ टक्के, ब्रिटनमध्ये २० टक्के, सिंगापूरला २०२४ पासून ९ टक्के, दुबईत ५ टक्के. या सगळ्या ठिकाणी चिठ्ठीवर दिसतं तेच द्यायचं. अमेरिकेत मात्र चिठ्ठीवर कर नसतो, तो बिल करताना लागतो आणि राज्याराज्यात बदलतो. ओरेगॉनमध्ये विक्रीकर नाहीच, कॅलिफोर्नियात सव्वासात टक्क्यांपासून पुढे. अमेरिकेतल्या भावाने पाठवलेल्या फोटोतला आकडा आणि जर्मनीतल्या भाचीने पाठवलेला आकडा यांची थेट तुलना करता येत नाही ती यामुळे.

आपल्याकडे दुकानदार सांगतो तो भाव बहुतेक वेळा जीएसटी धरून असतो, पण विचारून घ्यावं. जोडणीचे पैसे, स्टँड, मडगार्ड, दिवे, बेल यांतलं काय त्यात आहे हेही विचारावं. या शेवटच्या मुद्द्यापाशी मी स्वतः थोडी फसले होते. जर्मनीत रस्त्यावर चालवायच्या सायकलला पुढचा-मागचा दिवा, रिफ्लेक्टर आणि बेल कायद्यानेच लागतात. त्यामुळे रोजच्या वापराची सायकल तिथे बहुधा दिवे, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड असं सगळं लावूनच विकतात. पुष्कळदा पुढच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल भागातच, दिव्यासाठी वीज तयार करणारा डायनामो असतो. माझी पुण्यातली ६४,००० ची सायकल उघडी होती. हे सगळं लावून घ्यायला दुकानदाराने ६,००० सांगितले. म्हणजे तुलना साठ विरुद्ध चौसष्ट अशी नव्हती, साठ विरुद्ध सत्तर अशी होती. जर्मनीचं पारडं आणखी जड झालं. तरीही पुढे वाचा.

आणखी एक गोष्ट. एकाच नावाचं मॉडेल वेगवेगळ्या देशांत वेगळे भाग लावून विकलं जातं. शिमानो या गिअर बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या गिअरची उतरंड ठाऊक असली की हे पटकन पकडता येतं. साध्या आणि डोंगरी सायकलींवर टूर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, देओरे असं वर चढत जातं. रोड सायकलींवर क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, वन-ओ-फाइव्ह. तिकडच्या सायकलवर अलिव्हिओ असेल आणि इकडच्यावर अल्टस, तर त्या दोन वेगळ्या सायकली आहेत. फ्रेमवरचं नाव वाचून हुरळून जाऊ नये, मागच्या डिरेलरवरचं, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागावरचं, नाव वाचावं.

बाहेरची सायकल इथे महाग का असते

याला साधं उत्तर देतात: "आपल्याकडे टॅक्स फार." ते अर्धंच खरं आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तर अर्ध्याहूनही कमी. त्या दिवसापासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तैवानमधल्या कारखान्यातून निघालेली एक सायकल जहाजभाडं आणि विम्यासह बंदरात ३०,००० रुपयांना पडली. मुंबईजवळच्या बंदरात उतरली तर तिच्यावर ३५ टक्के आयातशुल्क लागतं. २०२३ च्या अर्थसंकल्पात ते ३० वरून ३५ केलं. २०२५ मध्ये त्याची फोड बदलून २० टक्के मूळ शुल्क आणि १५ टक्के कृषी अधिभार अशी केली, पण बेरीज तीच राहिली. तर १०,५०० रुपये शुल्क, झाले ४०,५००. आयातदार आणि दुकानदार यांचा मिळून १८,००० खर्च-नफा धरा: ५८,५००. त्यावर ५ टक्के जीएसटी: ६१,४२५ रुपये. जुना १२ टक्के असता तर ६५,५२० झाले असते.

आता तीच सायकल हॅम्बुर्गला उतरवू. युरोपात सायकलवर आयातशुल्क १४ टक्के. ३०,००० चे ३४,२००. दुकानदारीचे तेच १८,००० धरले तर ५२,२००. त्यावर १९ टक्के कर: ६२,११८ रुपये.

मी हे दोनदा तपासलं. ६१,४२५ आणि ६२,११८. आपण सरकारला शुल्क जास्त देतो, ते विक्रीवरचा कर जास्त देतात, आणि शेवटी दोन्ही जवळपास एकाच ठिकाणी येऊन थांबतात. कराने खरा फरक पडतो तो सिंगापूर किंवा दुबईसारख्या ठिकाणी. सिंगापूरला सायकलवर आयातशुल्कच नाही, वर फक्त ९ टक्के. दुबईत ५ टक्के शुल्क आणि ५ टक्के कर.

मग पुण्यातल्या दुकानात बाहेरच्या सायकली महाग का वाटतात? कारण मी दोन्हीकडे धरलेले ते १८,००० प्रत्यक्षात सारखे नसतात. जर्मनीतल्या एखाद्या मोठ्या दुकानात एका मॉडेलच्या डझनभर सायकली हंगामात खपतात. आपल्याकडे ५०,००० च्या वरची सायकल घेणारे मोजके. दुकानदाराने मागवलेल्या तीन मापांपैकी एक माप वर्षभर पडून राहतं आणि त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज उरलेल्या दोघींच्या किमतीत जातं. तिकडे थंडी आली की गेल्या हंगामाचा माल उतरत्या भावाने काढतात. करोनाच्या काळात जगभर सायकलींची मागणी एकदम वाढली, कारखान्यांनी भरमसाट माल काढला आणि २०२३ पासून युरोपातल्या दुकानांत तो साठून राहिला. त्या वेळी तर मोठमोठ्या सवलती लागल्या. भाचीने पाहिलेली सायकलसुद्धा आदल्या हंगामातलीच होती. स्वस्ताई दिसते ती पुष्कळदा अशी: देशाची नव्हे, त्या आठवड्याची.

आणि साधी सायकल, काळी, बिनगिअरची, दूधवाल्याच्या कॅनची? तिथे तुलनाच नको. लुधियानात सायकलींचा जो पसारा आहे, त्याच्यामुळे सात-आठ हजारांत आपल्याला नवी, टिकाऊ सायकल मिळते. त्या भावात जर्मनीत नवी धड सायकल मिळत नाही, कारण स्वस्त चिनी सायकलींवर युरोपने १९९३ पासून जादा शुल्क लावलं आहे आणि गेली कित्येक वर्षं ते ४८.५ टक्क्यांपर्यंत आहे. ती सायकल परदेशातून आणायचा विचार कोणी करत नाही, म्हणून तिच्यावर इथे जास्त लिहीत नाही. पण पुण्याच्या रस्त्यावर आजही खरी कामाची सायकल तीच आहे.

विमान आणि कस्टम्स

आता वहीतली मधली पानं. साठ हजारांची सायकल आखेनहून कोथरूडला पोचायची कशी?

विमानात नेहमीच्या बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटीमीटरची मर्यादा असते. सायकल सुटी करून खोक्यात घातली तरी खोकं साधारण १४० बाय ८० बाय २२ चं होतं. बेरीज २४० च्या पुढे. वजन अडचणीचं नाही, सायकल चौदा-पंधरा किलोची आणि खोकं तीन-चार किलोचं. अडचण मापाची. काही विमान कंपन्या सायकल तुमच्या बॅगेच्या कोट्यात धरतात, काही खेळाचं सामान म्हणून वेगळे पैसे घेतात, आणि मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन कंपन्यांचे दोन नियम. भाचीला १०० युरो सांगितले. दहा हजार. खोकं सायकलच्या दुकानात फुकट मिळतं, ते टाकूनच देतात.

विजेच्या सायकलीचा विचार असेल तर तो इथेच सोडून द्या. प्रवासी विमानात १६० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी चालत नाही, आणि या सायकलींच्या बॅटऱ्या तीनशे-चारशेच्या पुढेच असतात. बॅटरीशिवाय सायकल आणून इथे दुसरी बसवायचा घाट मी तरी कुणाला घालू देणार नाही.

मग आलं कस्टम्स. २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे परदेशातून येणाऱ्या भारतीयाला वापरातल्या वस्तूंखेरीज ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान शुल्काशिवाय आणता येत होतं. त्यावरच्या रकमेला अधिभार धरून ३८.५ टक्के. भाची आली तेव्हा हेच नियम होते. फेब्रुवारी २०२६ मध्ये नवे नियम आले आणि मर्यादा ७५,००० झाली. दिवाळीच्या हिशोबाने साठातले पन्नास माफ, दहा हजारांवर ३,८५० रुपये.

पण ही माफी माणशी असते, सायकलमागे नसते. भाची तिच्या बाबांसाठी नवा फोन आणणार होती, ३५,००० चा. तो याच पन्नासात मोजला जातो. (लॅपटॉपला वेगळी सूट आहे, एकच.) फोन धरला तर सायकलसाठी उरतात पंधरा हजार, आणि शुल्क लागतं ४५,००० वर: १७,३२५ रुपये. शेजारच्या सीटवरच्या मैत्रिणीची माफी आपल्यात मिळवता येत नाही. दोघांच्या मिळून लाखभराची एक सायकल, असं चालत नाही.

मला एकाने सुचवलं होतं, तिकडे चार दिवस चालवून टायरला चिखल लावा आणि "वापरलेली" म्हणून आणा. मी हे करणार नाही आणि तुम्हीही करू नये असं मनापासून वाटतं. विमानतळावर खोटं बोलायला एकवीस वर्षांच्या मुलीला लावायचं, तेही मावशीच्या सायकलसाठी, हे मला पटत नाही. सायकल खरोखर दोन-तीन वर्षं वापरलेली असेल, आणि आणणारी व्यक्ती कायमची परत येत असेल, तर तशा लोकांसाठी राहण्याची जागा बदलण्याची वेगळी सवलत आहे. बिल आणि राहिल्याचे पुरावे जवळ ठेवले की काम सरळ होतं.

इथे एक मुद्दा आहे, जो मला स्वतःला वही मांडेपर्यंत दिसला नव्हता. आयातदार ३५ टक्के भरतो, आपण ३८.५, दर जवळपास सारखा. पण आयातदार तो भरतो कारखान्यातल्या घाऊक भावावर, उदाहरणातल्या ३०,००० वर. आपण भरतो जर्मनीतल्या किरकोळ भावावर, साठ हजारांतून माफी वजा करून उरेल त्यावर. त्या साठ हजारांत तिकडचं आयातशुल्क, तिकडच्या दुकानाचं भाडं, तिकडच्या मेकॅनिकचा पगार आणि तिकडचा १९ टक्के कर हे सगळं आधीच बसलेलं असतं. आपण करावर कर भरतो. म्हणूनच सायकल जितकी महाग, तितका आणण्यात तोटा जास्त. लोकांना वाटतं, साधी सायकल इथे घ्यावी आणि तीन लाखांची कार्बन फ्रेमवाली तिकडून आणावी. आकडे बरोबर उलटं सांगतात. जुन्या नियमांत तीन लाखांच्या सायकलीवर अडीच लाखांचे ३८.५ टक्के, म्हणजे ९६,२५० रुपये शुल्क. त्याच सायकलीचा घाऊक भाव दीड लाख धरला तर आयातदाराला लागतात ५२,५००.

तिकडचा १९ टक्के कर परत मिळत नाही का? पर्यटकाला मिळू शकतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याने खरेदी करून तीन महिन्यांच्या मुदतीत माल बाहेर नेला आणि विमानतळावर कस्टम्सचा शिक्का घेतला, तर मध्यस्थाची फी कापून काही रक्कम हातात येते. सायकलला दुकान तो फॉर्म देतं का, हे पैसे देण्याआधी विचारावं. भाचीला मात्र हे लागू नाही, कारण ती तिथली रहिवासी आहे. ब्रिटनने तर १ जानेवारी २०२१ पासून पर्यटकांसाठीची ही योजनाच बंद केली. आणि पर्यटक म्हणून आपण आपलं इथलं कार्ड घासलं, तर बँक परकीय चलनासाठी दोन ते साडेतीन टक्के लावते, वर त्या रकमेवर जीएसटी. तो एक आकडा वहीत लिहायला लोक हमखास विसरतात.

तर बेरीज. सायकल ६०,०००, विमान १०,०००, कस्टम्स ३,८५० (फोन आणला नाही तर), इथे आल्यावर जोडणी आणि ट्यूनिंगचे १,५००. एकूण ७५,३५०. पुण्यात सगळं लावून ७०,०००. आजच्या ७५,००० च्या मर्यादेने कस्टम्स शून्य धरलं, तर ७१,५०० आणि ७०,०००. म्हणजे बरोबरी.

पैशात बरोबरी झाली की मग पुढचे प्रश्न महत्त्वाचे होतात.

घरी आल्यानंतरची पाच वर्षं

माझ्या धाकट्या दिराने २०१९ मध्ये परदेशातून एक सुंदर सायकल आणली होती. खोकं उघडलं तर मागचा डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो, तो हँगर वाकलेला. प्रवासात खोकं उजव्या बाजूला आडवं पडलं की हेच होतं. हा तुकडा मऊ धातूचा मुद्दामच करतात, धक्का बसला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. हाताच्या अंगठ्याएवढा. पण प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा, आणि असे शेकडो आकार बाजारात आहेत. त्या फ्रेमचा हँगर पुण्यात कुठल्याच दुकानात नव्हता. दीड महिना ती सायकल हॉलमध्ये भिंतीला टेकून उभी होती, शेवटी तिकडून येणाऱ्या कोणाच्या तरी खिशातून तो तुकडा आला. ज्यांना आणायचीच आहे त्यांना मी एकच सांगते: सायकलबरोबर तिच्या मापाचे दोन हँगर विकत घ्या आणि प्रवासात मागचा डिरेलर काढून फ्रेमच्या आत बांधा.

वॉरंटीचंही असंच. बहुतेक कंपन्या फ्रेमची वॉरंटी पहिल्या मालकाला आणि विकणाऱ्या दुकानामार्फत देतात. फ्रेमला तडा गेला तर आखेनच्या दुकानात ती दाखवायला कोण नेणार?

ब्रेकची गोष्ट छोटी वाटते, पण ती जिवाशी आहे. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. जर्मनीत, अमेरिकेत डाव्या हाताला. ज्याने आयुष्यभर उजव्या हाताने पुढचा ब्रेक लावला, स्कूटरवरही उजव्याच हाताने, त्याने कात्रजचा घाट उतरताना सवयीने डाव्या हातावर जोर दिला तर पुढचं चाक एकदम अडतं. तारेचे ब्रेक अर्ध्या तासात अदलाबदल करता येतात. हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक, असतील तर नळ्या बदलून तेल पुन्हा भरावं लागतं. आणलेली सायकल पहिल्यांदा चालवायच्या आधी हे काम करून घ्या.

आणि चाकाचं माप. जर्मन दुकानात "अठ्ठावीस इंची" म्हणतात ते चाक, आणि आपल्या काळ्या सायकलीचं अठ्ठावीस इंची चाक, ही दोन वेगळी चाकं आहेत. त्यांच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर, आपल्या २८ बाय दीडचा ६३५. तेरा मिलिमीटरचा फरक, पण टायर बसत नाही. टायरच्या कडेवर ३७-६२२ असा आकडा कोरलेला असतो, पहिला रुंदीचा आणि दुसरा रिमचा. खरा आकडा तो. इंचांवर विश्वास ठेवू नका. ६२२ ला इकडे "सातशे सी" म्हणतात आणि आता पुण्यात ते टायर सहज मिळतात. हबच्या आत लपलेले गिअर, जे जर्मन-डच शहरी सायकलींवर सर्रास असतात, त्यांचे सुटे भाग मात्र शोधावे लागतात. ते सपाट गावांसाठीचे आहेत. अठरा किलोची, तीन गिअरची ती देखणी सायकल घेऊन गोळेवाडीच्या पुढे सिंहगडाचा घाट चढून बघा, म्हणजे सायकल कुठल्या जमिनीसाठी बनली आहे याला किती अर्थ आहे ते मांड्यांना कळेल.

रुपयांत न मोजता

भाचीने एक प्रश्न विचारला तो मला फार आवडला. "मावशी, इथे माझ्या वर्गातले सगळे पाचशे युरोची सायकल घेताना विचारही करत नाहीत. आपल्याकडे पन्नास हजार म्हटलं की बाबा खुर्चीत बसतात. असं का?"

जर्मनीत २०२५ मध्ये कायद्याने ठरलेली किमान मजुरी तासाला १२.८२ युरो होती. ५०० युरोला भागा: ३९ तास. कॅन्टीनमध्ये ताटं धुणाऱ्या विद्यार्थ्याची कर कापायच्या आधीची एका आठवड्याची पूर्ण वेळ मजुरी. पुण्यात महिना ३०,००० मिळवणाऱ्याला ५०,००० ची सायकल म्हणजे दीड महिन्याहून जास्त. पण त्याच माणसाची एका आठवड्याची कमाई सात हजार, आणि सात हजारांत लुधियानाची सायकल येते. म्हणजे दोन्हीकडे माणूस सायकलवर साधारण आठवड्याची कमाई घालतो. तिकडे त्या आठवड्यात अलिव्हिओ गिअर येतात आणि इकडे एक गिअर येतो. युरोला शंभरने गुणून हे कधीच दिसत नाही. शिवाय तिकडे नोकरदाराला कंपनीमार्फत करसवलतीत सायकल मिळायच्या योजना आहेत, जर्मनीत भाडेपट्ट्याने, ब्रिटनमध्ये १९९९ पासून पगारातून कापून. म्हणजे चिठ्ठीवरचा भावही तिथले कित्येक लोक पूर्ण देत नाहीत.

उलट्या दिशेचा प्रश्नही येतो. मूल शिकायला निघालं की आई-बाबा विचारतात, इथली सायकल बरोबर देऊ का? देऊ नका. विमानाचे दहा हजार, तिकडच्या नियमाचे दिवे नाहीत म्हणून दंडाची भीती, आणि दुरुस्तीला मजुरी अशी की भाचीने पहिल्या पंक्चरचा भाव ऐकला आणि त्याच संध्याकाळी ट्यूब बदलायला स्वतः शिकली. तिने तिथे दीडशे युरोला जुनी सायकल घेतली आहे. घेताना मूळ बिल आणि फ्रेमवरचा नंबर जुळतो का ते पाहिलं, कारण विद्यापीठांच्या गावांत चोरीच्या सायकली फिरतात. शिकून निघताना ती पुढच्या विद्यार्थ्याला विकेल.

जुन्या सायकलीवरून पुण्याचं सांगायचं राहिलंच. २०२० च्या लॉकडाउनमध्ये उत्साहाने घेतलेल्या किती सायकली बाणेर-कोथरूडच्या सोसायट्यांत, जिन्याखाली, टायर बसलेल्या अवस्थेत उभ्या आहेत! गिअर चांगले, फ्रेम चांगली, फक्त धूळ. वॉचमनला विचारा, कुणाची आहे ते कळेल. टायर-ट्यूब, चेन आणि केबल नव्या घातल्या, एक सर्व्हिसिंग केलं की चालू. मी पहिल्यांदाच सायकल घेणाऱ्याला दुकानाच्या आधी हेच सुचवते.

मी शेवटी पुण्यातली घेतली. दुकानदाराने माप बघून हँडलखालची दांडी बदलून दिली, महिन्याभराने केबल ताणल्या, त्याचे वेगळे पैसे लागले नाहीत. भाचीला सांगितलं, सायकल नको, पण येताना दोन गोष्टी आण: तिकडचा मागचा दिवा आणि पंक्चरला दाद न देणारे जाड तळाचे दोन टायर. बॅगेत बसतात, विमानाचे पैसे नाहीत, फोनबरोबर धरूनसुद्धा पन्नास हजारांच्या आत. तिने दुकानातूनच व्हिडिओ कॉल केला आणि टायरची कड कॅमेऱ्यापाशी धरली. मी इथे जिन्यात बसून बॅटरीच्या उजेडात माझ्या रिमवरचा आकडा वाचला. दोन्हीकडे ६२२.